चाचांचा पास

सौदीतल्या यान्बूच्या आमच्या वसाहतीतल्या वाचनालयाच्या कार्डावर संग्रहालयाचा फुकट पास मिळे. काउंटरवरचे रत्नागिरीचे चाचा पास परत घेताना हटकून विचारत, "काय बघितलंत?" मी एकदा नुसतं "छान होतं" म्हणालो, तर पास माझ्याकडेच सरकवत म्हणाले, "मग पुन्हा जाऊन या." पुढच्या खेपेला उजवीकडे वाकलेल्या चोचीची कॉफीची किटली सांगितली, तेव्हा सुटलो. ड्युटीमुळे ते स्वतः कधीच गेले नव्हते.

सौदीकरणात त्यांच्या जागी एक सौदी बाई आल्या. चाचांनी त्यांना महिनाभर मन लावून काम शिकवलं आणि नोकरी संपल्यावर पहिल्यांदाच स्वतःसाठी पास नेला. तो परत करताना बाईंनी अरबीत तोच प्रश्न विचारला. शेजारी मी उभा होतो. चाचा खुशीत माझ्याकडे वळले.

"साहेब, किटलीची चोच डावीकडे आहे. पुन्हा जाऊन या."