मानेखालच्या रेघा

गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या आधीच्या रविवारी, पांढरकवड्याला माझ्या साडूंच्या घरी, एक लाख ऐंशी हजार रुपयांना बुद्धाचं एक दगडी डोकं विकत घेतलं गेलं. हजर होतो ते साडू, त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई, मी आणि मुंबईहून गाडी घेऊन आलेला विक्रेता. रक्कम आरा मशीनच्या नव्या मोटारीसाठी आणि छपरासाठी बाजूला ठेवलेली होती. मी बिल मागितलं, तर त्यावर 'शोभेची वस्तू, एक नग' एवढंच लिहून मिळालं. मला धक्का बसला. पण साडूंच्या घरी धक्का बसणं मला नवीन नाही. इतक्या हळू आवाजात बोलून इतक्या लोकांना हादरवणारा माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नसेल.

साडूंचं आरा मशीन हायवेच्या अलीकडे आहे. सागवानाच्या फळीवरून अंगठा फिरवून ती कोणत्या मशीनवर कापली, पातं कधी पाजवलं होतं, हे ते सांगतात. एकदा माझ्या दाराची चौकट पाहून म्हणाले, "हे कापणारा त्या दिवशी बायकोशी भांडून आलता." मी चौकशी केली. भांडण झालेलं होतं, फक्त बायकोशी नाही, सासऱ्याशी. अशा माणसाने लाकडातच राहायला हवं होतं. पण बोधगयेच्या सहलीत त्यांनी लाखेच्या कामाचा एक जुना ब्रह्मदेशी डबा पाहिला आणि परत येताना आमच्या सगळ्यांच्या जेवणाचे पैसे त्या डब्यात गेले. आम्ही गयेपासून नागपूरपर्यंत फुटाण्यांवर आलो. पुढे ब्रह्मदेशातल्या लाकडी मूर्ती आल्या, थायलंडच्या हिरव्या झिलईच्या थाळ्या आल्या, टीव्ही माळ्यावर गेला. त्यातल्याच एका थाळीत ताईंनी एकदा कांदाभजी काढली. साडू रागावले नाहीत. थाळी लवकर रिकामी व्हावी म्हणून त्यांनी सगळी भजी एकट्याने खाल्ली, थाळी स्वतः धुतली आणि दोन दिवस सोडा पीत बसले.

त्यांच्याकडे मुक्काम करणं मात्र कठीण. मूर्तीकडे पाय करायचे नाहीत हा घरचा नियम, आणि मूर्ती चारही भिंतींना. मी आडवा झालो की हळूच आवाज यायचा, "साडभाऊ, पाय तिकडे नका करू, तिकडे ब्रह्मदेश हाय." मी वळलो की तिकडे थायलंड. मग कुठे करू, असं विचारलं तर म्हणाले, "पोटाशी घ्या." दुसरा नियम याहून कडक होता. मूर्ती आडवी करायची नाही, उलटी तर कधीच नाही. झाडतानाही ताई मूर्ती उभी उचलायच्या, उभी ठेवायच्या आणि आपल्या नशिबाला बोल लावायच्या.

या दुसऱ्या नियमामुळेच ते डोकं कोणी खालून पाहिलं नव्हतं. विक्रेत्यानं ते कंबोडियातलं, हजारेक वर्षांपूर्वीचं म्हणून सांगितलं होतं. मिटलेले डोळे, ओठांवर जेमतेम हसू. साडू रोज सकाळी त्याच्यापुढे बसून चहा प्यायचे. पण ते फळीवर डुगडुगत होतं. सागाची बैठक करायची तर मानेचं माप हवं, आणि माप घ्यायला उलटं करता येत नाही. तेव्हा साडूंनी तोड काढली. मी आणि ताईंनी ते डोकं दोन बाजूंनी उभं धरून वर उचललं आणि साडू टॉर्च घेऊन खाली जमिनीवर उताणे झोपले.

बावीस किलो वजन होतं, माझे हात भरून आले. खाली पाहिलं तर साडूंचा अंगठा मानेच्या कापावरून फिरत होता.

"साडभाऊ, हे तुटलं नाही," ते म्हणाले. "कापलं हाय."

"म्हणजे?"

"चकतीच्या रेघा हाय. मशीनच्या. हातानं कापताना माणूस थकते, रेघ वाकडी होते. हा थकला नाही." मग टॉर्च विझवून म्हणाले, "याचं धड तिथंच बसून असन."

आम्ही डोकं खाली ठेवलं. ताई भिंतीला टेकून बसल्या. मी त्या दिवशी घरी गेलो नाही. हजार वर्षांपूर्वी चकती नव्हती, म्हणजे डोकं कोणीतरी अलीकडेच मूर्तीवरून कापून चोरलं होतं, हा हिशेब कोणालाही येण्यासारखा होता.

साडूंनी विक्रेत्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला की सुटी डोकी अशीच येतात, पसंत नसेल तर माल पाठवा, पूर्ण रक्कम परत करतो. माल परत आल्यावर काय करणार, असं साडूंनी विचारलं. तो म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. मी साडूंना स्पष्ट सांगितलं की पैसे परत घ्या. पावसाळा तोंडावर आहे, छप्पर गळतं, मोटार दोनदा जळली आहे. साडू ताईंकडे पाहू लागले. दहा वर्षं या मूर्तींना शिव्या घालणाऱ्या बाईकडून मला पाठिंब्याची खात्री होती.

ताई म्हणाल्या, "पैसे घेतले त हे दुसऱ्याच्या घरी जाईन. मंग कापणाराले आपणच मजुरी देल्ली समजा."

रक्कम गेली. त्या पावसाळ्यात मशीनवर ताडपत्री होती.

साडूंनी दिल्लीतल्या कंबोडियाच्या वकिलातीला पत्र लिहिलं, सोबत कापाचे फोटो जोडले. उत्तर आलं, आणून द्या. त्यांनी चांगल्या सागाची पेटी केली, चारही बाजूंना वर टोक केलेले बाण रंगवले आणि नाकासमोर एक भोक ठेवलं. ते कशाला, हे मी विचारलं नाही. नागपूरहून दिल्लीपर्यंत पेटी त्यांच्या बर्थवर उशाशी उभी होती आणि ते स्वतः खाली वर्तमानपत्रावर बसून होते. परतीच्या गाडीत ते त्याच बर्थवर अंग चोरून झोपले, पेटीची जागा मोकळी सोडून.

घरच्या बाकीच्या वस्तूही त्यांनी खाली झोपून एकेक तपासल्या. त्या अखंड निघाल्या. नवीन मात्र त्यानंतर एकही घेतली नाही.

या उन्हाळ्यात वकिलातीकडून एक फोटो आला. झाडाखाली दगडी बुद्ध बसलेला, धड काळसर, डोकं जरा फिकं, मानेभोवती सांध्याची बारीक रेघ. साडूंनी फोटोवरून अंगठा फिरवला, जणू कागदावरही खोली लागणार होती. फ्रेमवाला म्हणाला, ही रेघ कम्प्युटरवर पुसून देतो, दिसणारही नाही.

"राहू द्या," साडू म्हणाले. "जोडणारानं मेहनत केली हाय."

फोटो त्या रिकाम्या फळीच्या वर लागला आहे. फळी त्यांनी काढलेली नाही. फ्रेमचे तीनशे चाळीस रुपये झाले. मी खिशात हात घातला होता, पण ताईंनी तांदळाच्या डब्यातून पैसे काढले आणि फ्रेमवाल्याला दिले.