पोपट प्यायला नव्हता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही — तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच.

माझा लग्नाच्या सजावटीचा धंदा आहे. मंडप, फुलं, आणि हल्ली सगळ्यांना हवा असतो तो धूर. नवरानवरी स्टेजकडे येतात तेव्हा त्यांच्या पायाशी पांढरे ढग लोळतात, पाहिलेत ना? ते ड्राय आईसचे. गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच, आग विझवायच्या नळकांड्यात भरतात तोच, आणि पृथ्वी तापवतो म्हणून पोरांना शाळेत शिकवतात तोही तोच. या बर्फाचं पाणी होत नाही, थेट वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही.

बारामतीच्या एमआयडीसीत माल देणारा माणूस दर खेपेला बजावायचा, "खोकी गाडीत ठेवली की काचा उघड्या ठेवा. बंद गाडीत माणूस गुंगतो, मरतोसुद्धा." दर खेपेला मी मान हलवायचो. म्हणजे मला माहीत होतं — एवढं लक्षात असू द्या.

पोपट माझी व्हॅन चालवायचा. आम्ही दोघं निरवांगीचे, शाळेत एका बाकावरचे. मधली काही वर्षं त्याने दारूत घालवली, तेव्हा त्याची बायको, मालनवहिनी, लेकीला घेऊन सुप्याला माहेरी निघून गेली होती. मग त्याने सोडली. कशी सोडली ते मी पाहिलंय — हात थरथरायचे, भिंतीला डोकं टेकून तासन्‌तास बसायचा. वहिनी परत आली. लग्नात कुणी ग्लास पुढे केला की तो ताक मागून घ्यायचा, आणि लोक हसले तर त्यांच्यासोबत हसायचा.

त्या मे महिन्यात इंदापूरला मोठं लग्न होतं. व्हॅनमध्ये मागे ड्राय आईसची खोकी, वर जरबेरा आणि गुलाब. भर दुपार. पोपटने बसल्याबसल्या काचा खाली केल्या.

"काचा वर घे," मी म्हणालो. "एसी लाव. फुलं करपत्यात."

"आरं, पण त्यो बर्फ हाय न्हवं मागं?"

"रस्ता केवढा हाय? काय हुत न्हाय."

त्याने काचा वर घेतल्या. मालक मी होतो ना.

मी मागून टेम्पो घेऊन निघालो. शेळगावच्या अलीकडे व्हॅन रस्त्यावर डुलायला लागली. मी हॉर्न वाजवत राहिलो. ती रस्ता सोडून उसात घुसली. दार उघडलं तर पोपट स्टिअरिंगवर पडलेला, धापा टाकत, काहीबाही बरळत. एक पाय खाली चेमटलेला. मला त्याच क्षणी सगळं कळलं. मी त्याला बाहेर ओढलं — तेवढं केलं. आणि मग? मग लोक यायच्या आत सगळ्या काचा खाली केल्या, खोकी उचलून लांब उसात रिकामी केली.

माणसं धावत आली. कुणीतरी विचारलं, "पिला व्हता काय?"

नाही — एवढाच शब्द होता. मी म्हणालो, "घेतली आसंल वाटंत."

पोलिसांकडे कुणी गेलं नाही, त्यामुळे रक्तही कुणी तपासलं नाही. दवाखान्याच्या दारात वहिनीने मला गाठलं. "भावजी, त्यांच्या तोंडाला वास न्हाय वो."

"वहिनी, वास न येणारीबी मिळती आता."

हे मीच बोललो. पण हेही सगळ्यात वाईट नाही. ते अजून सांगायचंय.

प्लास्टर घालून पोपट घरी आला, तेव्हा मी भेटायला गेलो. खोलीत आम्ही दोघंच. तो छताकडे बघत म्हणाला, "मला काय आठवंना. डोकं जड झालं, छाती भरली, एवढंच. आरं, खरं सांग — मी पिलो व्हतो का?"

पहिल्या दिवशी मी घाबरलो होतो, असं म्हणता येईल. पण त्या खोलीत कशाची भीती होती? कोण ऐकत होतं? विचारणारा माझ्यावर स्वतःपेक्षा जास्त विश्वास ठेवून विचारत होता.

मी म्हणालो, "व्हय."

त्याने प्लास्टरवरून हात फिरवला. मग म्हणाला, "तुज्या गाडीचं वाटुळं केलं मी. माफ कर."

मी त्याला माफ केलं. तोंडाने, खरोखर — "जाऊ दे," म्हणालो.

पाय लंगडाच राहिला. वहिनी लेकीला घेऊन पुन्हा सुप्याला गेली. आणि पोपट? न पिता पिणारा ठरलेला माणूस किती दिवस ताक मागेल? तो प्यायला लागला, या खेपेला न थांबता. गेल्या वर्षी गेला. लोक म्हणाले, दारूने नेला.

तेराव्याला वहिनी आली होती. तिने स्वतः मला वाढलं. पोळी ताटात ठेवताना हळूच म्हणाली, "भावजी, सगळी त्यांच्या तोंडावर ग्वाड बोलायची. तुमीच तेवढं खरं सांगितलं त्यांस्नी."

मी मान खाली घातली आणि जेवलो.