तासावरची वकिली, फुटावरचे डोळे

मी एकदा न वाचता सही केली. चष्मा गळ्यात लटकत होता, डोक्यावर ट्यूबलाइट होती, आणि अकरावी मॅट्रिक झालेली बाई मी. तरी केली. आधी वकिलाला फोन करून विचारलं असतं तर त्या फोनचे पैसे पडले असते, ते वाचवावेत म्हणून केली. ते पैसे वाचले. जागा गेली.

तेव्हा मी पन्नाशीची होते आणि आपल्याइतकं व्यवहारी पेण तालुक्यात कुणी नाही अशी माझी समजूत होती. आता आजी झाले. त्या शहाणीकडे मागे वळून बघते तेव्हा आधी हसू येतं, आणि हसून झालं की पुन्हा तिचाच राग येतो.

राहायला आम्ही पेणला, आणि गणपतींचा कारखाना जोह्यात. कारखाना म्हणजे भाड्याची पत्र्याची शेड. माती, साचे, रंग हे सगळं ह्यांच्याकडे. गिऱ्हाईक, भाडं, बँक, कागदपत्रं माझ्याकडे. त्या वर्षी ज्येष्ठात, फळ्याफळ्यांवर शाडूच्या कच्च्या मूर्ती वाळत असताना, शेडमालकाची नोटीस आली. महिन्याभरात जागा खाली करा. धरमतरला माल उतरवणाऱ्या कुणाला तरी गोदाम हवं होतं आणि तो जास्त भाडं देत होता. आता कच्चा शाडूचा गणपती हलवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. कपाट हलवता येतं, म्हैस हलवता येते. ओल्या सोंडेचा गणपती उचलला की सोंड तिथेच राहते.

आमच्या बाजूने एक गोष्ट होती. अनंत चतुर्दशीपर्यंतचं भाडं आम्ही होळीलाच आगाऊ दिलं होतं, आणि मालकाच्या सहीची पावती माझ्याकडे होती.

ती घेऊन मी पेणच्या जुन्या वकीलकाकांकडे गेले. त्यांनी पावती वर धरून बघितली आणि म्हणाले, "उक्तं करतो. नोटिशीच्या उत्तरापासून निकालापर्यंत एकच आकडा. मग तू दिवसातून दहादा ये." आकडा ऐकून मी चहा अर्धा टाकून उठले. एका पानाच्या नोटिशीला एवढे?

माझी मावसबहीण रोह्याला दिलेली. ती म्हणाली, आमच्याकडे एक नवी वकीलबाई आल्ये, मुंबईच्या मोठ्या ऑफिसात शिकलेली, धाटावच्या छोट्या छोट्या कारखान्यांची कामं करते, आणि तासावर पैसे घेते. जेवढा वेळ तेवढेच पैसे. मला हे फारच न्यायाचं वाटलं. नोटीस वाचायला पाच मिनिटं, उत्तर लिहायला अर्धा तास, धरून चालू तास. वकीलकाकांच्या आकड्याच्या पाव भागात काम होत होतं.

ह्यांनी मातीतून मान वर न काढता एकच विचारलं, "आणि तू किती वेळ बोलशील?"

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. लग्नाला तीस वर्षं झाली की ते जमतं.

रोह्याच्या गाडीत बसले तेव्हा पिशवीत पावती, नोटीस आणि पेणचे पातळ पोहे दोन किलो. रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नाही ही आईची शिकवण. वकीलबाई पस्तिशीच्या आतली, केस आखूड, बोलणं गोड. "या मावशी," म्हणाली आणि मोबाइल टेबलावर उताणा ठेवला. त्यावर आकडे धावत होते. मला वाटलं, क्रिकेटचा स्कोअर असेल.

"सांगा, काय झालंय?"

हे मला विचारायचं नसतं. मी सुरुवात केली सासऱ्यांपासून. ते गोंदणीच्या झाडाखाली मूर्ती करायचे इथपासून. मग शेडमालकाचे वडील किती सज्जन होते, मालकाच्या बहिणीच्या लग्नात आम्ही काय आहेर केला, त्याच्या आईचा गुडघा. ती मध्ये दोनदा म्हणाली, "मावशी, पावतीकडे येऊ या का?" मी म्हटलं, "येते गं, आधी माणूस तर कळू दे तुला." पावतीपर्यंत पोचले तेव्हा बाहेर शाळा सुटली होती.

आठ दिवसांनी बिल आलं. त्यात प्रत्येक गोष्टीसमोर मिनिटं. अशिलाशी चर्चा, एक तास छप्पन्न मिनिटं. नोटीस वाचणे, सहा मिनिटं. उत्तराचा मसुदा, चाळीस मिनिटं. खाली बारीक अक्षरात: चहापाण्याचा वेळ धरलेला नाही. म्हणजे बाई इमानदार होती. मालकाच्या आईच्या गुडघ्याचे मात्र पैसे लागले होते.

उत्तर झकास लिहिलं होतं, हे कबूल करायला हवं. मालक गप्प झाला. पण मी जी पोळले ती पोळलेच. पुढच्या वेळी काहीतरी साधं विचारायचं होतं, भाड्याची पावती बँकेत दाखवायची का असं काहीतरी, तर मी आधी घरी तालीम केली. कुकर लावला, ह्यांना वकीलबाई केलं, आणि दोन शिट्ट्यांत सगळं बोलून दाखवलं. मग फोन लावला आणि इतक्या घाईने बोलले की ती म्हणाली, "मावशी, काही कळलं नाही, परत सांगा." परत सांगितलं. तिने प्रश्न विचारले. बारा मिनिटं. ह्यांच्याबरोबर फुकटात झालं होतं ते.

त्यानंतर मी फोन करणंच सोडलं. इथे माझी खरी अक्कल दिसते. काही आलं की मी आधी स्वतःला विचारायची, हे त्या मिनिटांच्या लायकीचं आहे का? आणि कोणती गोष्ट लायकीची आहे हे कळायला वकील लागतो, हे काही त्या शहाणीच्या डोक्यात आलं नाही.

आषाढ संपता संपता मालकाचा जावई शेडवर आला. हातात पेढे. सासऱ्यांवर रागावू नका म्हणाला, मूर्ती बघितल्या, एका नऊ इंचीला नमस्कार केला. मग पिशवीतून दोन कागद काढले. "काकू, विजेचा मीटर सासऱ्यांच्या नावावरून माझ्या नावावर करायचाय. भाडेकरूची हरकत नाही एवढंच लिहून हवं. दोन्हीवर सही."

पहिला कागद मी वाचला. मीटरचाच होता. दुसरा छोट्या अक्षरात, त्याच्याखाली टाचलेला. मी म्हटलं, "जरा थांबा, वकीलबाईंना विचारते."

"विचारा की," तो म्हणाला. "मीटरसाठी पण वकील?" आणि हसला.

फोन हातात घेतला. नंबर काढला. आणि डोळ्यांसमोर ते धावणारे आकडे आले. मीटरचं तर आहे. फोन पदराने पुसून परत ठेवला आणि दोन्हीवर सही ठोकली. वर पेढा खाल्ला.

शेडच्या दुसऱ्या टोकाला आखणीवाली काकी बसली होती. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं. बाकी सगळं काम कुणीही शिकेल, पण डोळे दहा गावांत एखाद्याच्याच हाताला येतात. काकी जोह्याचीच, पासष्टीची, दात चार, नजर घारीची. तिने मान वर करून बघितलं. तिच्या हातात कुंचला असताना ती बोलत नाही.

चार दिवसांनी मालकाचं पत्र. आपण स्वखुशीने नारळी पौर्णिमेला जागा सोडण्याचे मान्य केले आहे, सहीची प्रत सोबत. सही माझीच. किती वळणदार.

नारळी पौर्णिमा म्हणजे चतुर्थीच्या आधी जेमतेम तीन आठवडे. त्या दिवसांत शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. अर्धे गणपती रंगात, अर्धे डोळ्यांच्या रांगेत, आणि सगळ्यांचे पैसे गिऱ्हाइकांकडून आगाऊ घेतलेले. ह्यांनी पत्र वाचलं आणि हात धुवायला गेले. बराच वेळ हात धूत होते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी रोह्याला गेले. पोहे नेले नाहीत.

वकीलबाईने दुसरा कागद वाचला आणि चष्मा काढला. "मावशी, सही करण्याआधी मला फोन का नाही केलात?"

"आधी ते घड्याळ बंद कर," मी म्हटलं, "मग सांगते."

मग तिने खरोखरच मोबाइल उपडा ठेवला. मी सगळं सांगितलं, कुकरच्या शिट्ट्यांसकट. तिला हसू आलं, मग ते गेलं.

"पण मी काय करू?" ती म्हणाली. "काम किती लांबेल ते मला आधी कळत नाही. तुमचा मालक एक पत्र पाठवेल की दहा, कोर्टात जाईल की नाही. उक्तं घेतलं आणि दोन वर्षं चाललं तर मी मेले."

"आमच्याकडे आखणीवाली काकी आहे," मी म्हटलं. "ती तासावर बसत नाही. मूर्तीवर घेते. नऊ इंचीचा एक दर, दोन फुटीचा दुसरा, सिंहासनावरचा मोठा असेल तर तो बघून सांगते. डोळा तिरका झाला तर पुसून परत काढते, त्याचे मागत नाही. आणि गिऱ्हाइकाने मधेच मूर्ती बदलली तर नवा दर. तुझ्या कामाचेही असेच तुकडे पाड ना. नोटिशीचं उत्तर एक मूर्ती. तडजोड दुसरी. कोर्टात उभं राहायचं ती सिंहासनावरची, तेव्हाची तेव्हा बघू."

"आणि फोन?" ती म्हणाली. "फोनला काय मूर्ती म्हणणार?"

मग माहेरचा न्हावी आठवला. सुगी झाली की त्याला वर्षाचं भात घातलं जायचं. मग वर्षभर कुणाचं डोकं, कुणाची दाढी, कधीही हाक मारा. त्याने कधी वस्तऱ्यासमोर घड्याळ ठेवलं नाही. "वर्षाची एक रक्कम ठरव," मी म्हटलं. "त्यात साधं विचारणं सगळं. हा कागद बघ, तो कागद बघ. वर्षात एकदाही फोन नाही आला तरी तुझे पैसे तुला."

"आणि तुम्ही सासऱ्यांपासून सुरुवात केलीत तर?"

"तर मधेच तोडत जा. माझा नवरा तोडतो."

ती कागद ओढून लिहायला लागली. खोडलं, परत लिहिलं. मधेच मान वर करून म्हणाली, "खरं सांगू का मावशी? त्या दिवशी तुम्ही फोन केला असतात तर मी दोन मिनिटांत सांगितलं असतं, सही करू नका. आणि त्या दोन मिनिटांचे मी सहा मिनिटांचे पैसे लावले असते. जिथे शिकले तिथे सहाच्या खाली काही लावायचेच नाहीत." ती आपल्याच बिलाकडे असं बघत होती, जसं मी माझ्या सहीकडे.

मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. माझे गणपती शेडमध्ये होते.

तडजोड तिने उक्ती केली, ठरल्या रकमेत, आणि त्या रकमेत तीनदा जोह्याला आली. आगाऊ भाड्याच्या पावतीवर ती अडून बसली, मालक माझ्या सहीवर अडून बसला. शेवटी अर्ध्यावर आलं. पुढची अर्धी शेड चतुर्थीपर्यंत आमची, मागची नारळी पौर्णिमेला खाली. चतुर्थीनंतर सगळीच. सही नसती तर काहीच सोडावं लागलं नसतं, हेही तिने सांगितलं. न विचारता सांगितलं, आणि त्याचे पैसे लावले नाहीत.

नारळी पौर्णिमेला लोक खाडीवर नारळ सोडायला जात होते आणि आम्ही मागच्या अर्ध्या शेडमधले गणपती फळीसकट उचलून काकीच्या ओटीवर नेत होतो. पाऊस होता. वर प्लॅस्टिक धरलं तरी पाणी शिरायचं ते शिरलंच. काहींचे हात गेले, दोघांच्या सोंडा. एक नऊ इंची, जावयाने नमस्कार केलेला तोच, माझ्याच हातातून सुटला. ह्यांनी तुकडे गोळा केले, बादलीत भिजत घातले, आणि म्हणाले, "याची परत माती करू." एवढंच.

त्या वर्षी सगळ्या गिऱ्हाइकांना मूर्ती मिळाल्या, कशाबशा. पुढच्या वर्षीपासून कारखाना पेणला घरामागच्या परसात, पत्रे टाकून. आजही तिथेच आहे, आणि आजही दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरकावं लागतं. आता सून बघते सगळं. त्या वकीलबाईशी वर्षाचं ठरलेलं आहे, आणि सून तिला कशासाठीही फोन लावते. खोक्यावर काय छापू, गिऱ्हाईक पैसे परत मागतंय तर काय सांगू. पाय पसरून, शेंगा खात बोलते. मी ऐकते आणि मला माझा कुकर आठवतो. तिला वाटतं सासूबाई गालातल्या गालात हसतायत. दात आवळलेले असतात माझे.

पण त्या पौर्णिमेचं सांगायचं राहिलं. सगळं हलवून झाल्यावर मी काकीच्या ओटीच्या पायरीवर बसले, अंगभर माती, आणि रडायला लागले. काकी आत ओळीने मांडलेल्या गणपतींसमोर बसून डोळे काढत होती. काम थांबवून चालणार नव्हतं. मी तिला पहिल्यापासून सांगायला लागले. वकीलबाई, मिनिटं, जावई, पेढा. तिने एक डोळा पुरा केला, कुंचला वाटीत ठेवला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"विचारायला पैसं पडतात म्हणून गप ऱ्हायलीस, आन् सही फुकट देऊन आलीस व्हय गो? आता सरक तिकडं, उजेड अडवू नको. अजून याचा दुसरा डोला काढायचा हाय."