मोटारीतला रेडिओ आणि दसऱ्याचा हार

दशरथ परब गिरणीतून आमच्या घाटकोपरच्या गॅरेजात आला तो खोकला घेऊनच. कापसाची धूळ छातीत बसलेली. आधी त्याला खड्ड्यात उतरवलं, गाडीखाली ग्रीस भरायला. हात वर धरून काम करताना त्याला धाप लागे. बघून बघून तो वायरिंग शिकला, तेव्हा गॅरेजचे मालक भाऊ यांनी त्याला वर घेतलं. पुन्हा खाली जायचं नाही, एवढंच त्याला हवं होतं.

छप्पन सालच्या दसऱ्याला मुलुंडच्या श्यामकांत वकिलांच्या गाडीत त्याने रेडिओ बसवला. आमच्याकडे तो पहिलाच. वाजवून पाहिला, छान वाजला. मग गाडीची पूजा झाली, आणि पुढे झेंडूचा हार त्यानेच बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी वकील गाडी घेऊन परत आले.

"अहो दशरथ, दिवा लागतो, घूं घूं होतं, पण बातम्या नाहीत. सासरे विचारतात, पंखा बसवलास का?"

ते हसत टांग्याने स्टेशनकडे गेले. भाऊ हसले नाहीत.

"आज लाव. नाही जमलं तर रेडिओ दुसरीकडे जाईल आणि तू खड्ड्यात. वायरमन ठेवून मी काय त्याची पूजा करू?"

दशरथने फ्यूज पाहिला, स्विच पाहिला. अर्थिंगच्या स्क्रूखालचा रंग खरवडला. रेडिओ बाहेर काढून बाकावर दुसऱ्या बॅटरीला जोडला, खिळ्यावर तार टांगली. स्टेशन लागलं. गाडीत बसवला की पुन्हा घूं घूं. म्हणजे दोष गाडीत. त्याने सगळी वायर उपसून नवी टाकली. वाकून, कुशीवर पडून, डॅशबोर्डखाली मान घालून. एरियलचा जोडही आतून खोलून पाहिला. बाहेर एरियलच्या दांडीपाशी जायची वेळ आली की हार मनगटाने हळूच बाजूला सारी आणि काम झालं की परत ठेवी. पूजेचा हार ओढून काढायचा नसतो. सुकून गळेल तेव्हा गळेल.

दुपारी तो मडगार्डला टेकून बसला. ओठ पांढरे पडले होते.

"चहा घे," मी म्हटलं.

"जीवच नाय रे लवू. उद्यापासून खाली बसान ग्रीस भरूचा."

उठताना त्याने आधाराला एरियलची दांडी धरली. हार घसरला. रेडिओ चालूच होता. त्यातून बाईच्या आवाजात एक शब्द आला आणि गेला.

दशरथ तसाच उभा राहिला. हार हलवला, आवाज आला. सोडला, गेला. त्याने एक सुकलेलं फूल चिमटीत चुरडलं. आत तांब्याची तार. दसऱ्याला दोरा संपला होता, म्हणून जुन्या केबलच्या उघड्या तारेत त्याने फुलं ओवली होती. एक टोक एरियलला, दुसरं बंपरला. रेडिओत जायचं ते सगळं पत्र्यात जात होतं.

"मियाच बांधलेलो रे ह्यो," तो म्हणाला. हात जोडले आणि पकडीने तार तोडली. गाणं लागलं.

भाऊ बाहेर आले. "काय होतं?"

एखादा जोड सैल होता म्हणाला असता तरी चाललं असतं.

"माझा हार होता, भाऊ. तारेतला. वायरिंग पहिल्यापासून बरोबर होतं."

भाऊंनी तार हातात घेतली. "म्हणजे देवालाच अर्थिंग दिलंस!" मग त्याच्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "बस जरा. खड्ड्यात काशीराम आहे. तुला कुणी बोलावलेलं नाही."

तो बसला नाही. नव्या टाकलेल्या वायरी पत्र्याला नीट बांधायच्या राहिल्या होत्या, त्या बांधल्या. संध्याकाळी वकील गाडी घेऊन गेले तेव्हा रेडिओ जोरात वाजत होता. दशरथ बाकावर भिंतीला डोकं टेकून बसला होता. डोळे मिटलेले, पकड मांडीवर.

पुढच्या दसऱ्याला घरून येताना त्याने दोऱ्याचं रीळ आणलं.