औषधपट्टी कोणाची?

सुरुंगाचा धोंडा आईच्या मांडीवर पडला, तेव्हा मुकादमीण मजुरी घेत होती. रक्त भळाभळा वाहत होतं. ठेकेदाराच्या कारकुनाने एकदा मान वर करून पाहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

मुकादमीण काही खरी मुकादम नव्हती. जव्हार संस्थानात मोखाड्याच्या घाटरस्त्यावर आम्ही बाया खडी फोडायचो, त्यातलीच एक. जामसरची विधवा. कोणाच्या बापाला भीत नव्हती, म्हणून ते नाव पडलं. प्रेमळबिमळ अजिबात नव्हती. मी पाट्या वाहायची. पाटी अर्धी दिसली की ती शिवी हासडायची.

आमच्यात मजुरी पदरात घेऊन गाठ मारायची रीत. गाठ मारली की पैसे पावले, मग तक्रार नाही. बाकीच्या घाईने गाठ मारायच्या. ही पदर उघडाच धरायची.

"आधी पुरी मजुरी बोल. मंग काय काय कापलंस ते बोल."

कारकून वैतागायचा. "घमेल्याची झीज, दुकानातली नाचणी, दरबारची पट्टी, औषधपट्टी."

"औषधपट्टी कशाची रं?"

"कोणी जखमी झालं तर दवाखान्याची."

मगच ती गाठ मारायची. आई म्हणायची, "कापायचं ते कापतोच ना? कशाला घसा फोडतेस?"

"उरलं ते आपलं, अन् कापलं तेबी आपलंच. कुठं गेलं ते इचारायला नको?"

त्या दिवशी एकीने लुगडं फाडून आईची मांडी आवळली. मुकादमीण तशीच पदर पसरून कारकुनापुढे उभी.

"गाडी जोड. हिला जव्हारला दवाखान्यात न्यायची."

"गाडी ठेकेदारांची आहे."

"अन् औषधपट्टी?"

"ती सगळ्यांची. एकीसाठी नाही खर्चता येत."

"मंग एकेकीची कशाला कापलीस?"

ती वळली आणि ओरडली, "गाठी सोडा गं!"

बायांनी मारलेल्या गाठी सोडल्या आणि उघडे पदर धरून रस्त्यातच बसकण मारली. म्हणजे मजुरी कोणालाच पावली नव्हती. न पावलेल्या मजुरीवर दुसऱ्या दिवशी खडीला कोणी येणार नाही, हे कारकुनाला पक्कं ठाऊक होतं. आम्हाला आईबहिणीवरून शिव्या देत त्याने बैल जोडायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मुकादमिणीला कामावर घेतलं नाही. ती सूर्यमाळला भावाकडे निघाली. मला रडू आलं, तर म्हणाली, "रडतेस काय? पाटी भर." पुन्हा भेटली नाही.

माझा नवरा पुढे शाळेत शिपाई लागला. पहिला पगार आणला तेव्हा मी विचारलं, "पुरा किती होता?" तो चिडला. मी आकडा वदवून घेतल्याशिवाय जेवायला वाढलं नाही. पुढे तो न विचारता सांगू लागला.

आईचा पाय वाकडाच राहिला. पण ती जगली, आणि माझी तिन्ही बाळंतपणं तिनेच केली.