उसना विस्तव

आमच्या शेजाऱ्याचं नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. आमच्या गावात, बाजारहत्नूरला, थंडी पडली की हा माणूस आंघोळीच्या पाण्याचा हिशेब मांडतो. गॅस महाग, हीटर लावला की मीटर पळतं, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, फुकटची पण भडकून लगेच विझते. मधे मधे 'बरं का भाऊ' असतंच. सरकारनं आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे केले त्या हिवाळ्यात म्हणे, "जिल्हा वाटला बरं का भाऊ, पण सिलिंडर काई स्वस्त झालं नाई."

त्याच हिवाळ्यात माझी बायको गेली. मी चूल पेटवणं सोडलं. आंघोळ केली तर थंड पाण्यानं, नाहीतर नाहीच. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हा घमेलं घेऊन दारात उभा.

"विस्तव दे."

"चूल पेटली नाई."

"मंग पेटव. मी बसतो. तुह्या घरी पऱ्हाटी पडून असताना मी गॅस काऊन जाळू?"

चिंगूस साला, असं म्हणत मी चूल पेटवली. पेटलीच होती, म्हणून माझंही पाणी ठेवलं. मग तो रोजच येऊ लागला.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला मी त्याच्या मागोमाग गेलो. माझा विस्तव घमेल्यात तसाच अंगणात पडला होता, शेजारी कुत्रं ऊब घेत झोपलं होतं. आत गॅसवर त्याचं पाणी उकळत होतं. मी गुपचूप परत आलो.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा माझी चूल ढणढण पेटली होती.

"आज लवकर पेटवली, भाऊ?"

"तुहा गॅस वाचला पायजे ना," मी म्हटलं.