जबलपूरहून आणलेल्या दोन चाव्या

जबलपूर स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या बॅगेत कपड्यांचे दोन जोड होते, बाकी सगळं लोखंड. पाने, पक्कड, रबरी नळ्या आणि रुमालात गुंडाळलेला, मुठीत मावेल एवढा पितळी थर्मोस्टॅट. हमालाने बॅग उचलून पाहिली आणि विचारलं, "दीदी, शादी में जा रही हो कि लड़ाई में?" अनोळखी माणसांना उत्तरं देणं मला जमत नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी असो की हिंदी, शब्द मला उशिरा सुचतात, भांडताना तर सुचतच नाहीत. आज तो हमाल भेटला, तर सांगेन: लढाईत.

मामा सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. आम्ही सगळे मूळचे नागपूरचे. तो नोकरीसाठी इथे आला आणि इथलाच झाला. तरुणपणी त्याने एक लाल, दोन सीटांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार घेतली होती. बारा वर्षं ती पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. का, असं विचारलं की एकच उत्तर मिळायचं: "गरम होते." आता मामा निवृत्त होणार होता, क्वार्टर सोडायचं होतं आणि सोमवारी कबाडी (भंगारवाला) गाडी न्यायला येणार होता. मागच्या दोन सुट्ट्यांत येऊन मी ब्रेक नवे केले, पेट्रोलची टाकी धुतली. उरलं होतं ते गरम होणं. मामा म्हणाला होता, "रविवारपर्यंत चालवत नागपूरला नेली, तर तुझी."

पहिल्याच दुपारी मी इंजिनाच्या पुढचं एक लहानसं झाकण खोललं. आत थर्मोस्टॅट असायला हवा होता. काहीच नव्हतं.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं एक दार. इंजिन थंड असताना ते बंद राहतं, तापलं की उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे गार व्हायला जातं. या इंजिनात ते उघडताना बाजूची दुसरी वाट बंदही करतं. दारच नसेल, तर उकळत्या पाण्यातलं अर्धं त्या बाजूच्या वाटेने परत इंजिनातच येतं. बारा वर्षांचं "गरम होते" त्या रिकाम्या भोकात होतं.

"कोणी काढला?" मी मामाला विचारलं.

"कोनास ठाऊक. नसेलच पहिल्यापासून."

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी उकळत्या पाण्यात टाकून पाहायचा असतो. मी मामीच्या स्वयंपाकघरात तेच करत होते. मामी किंचाळलीच, "अगं माय, चहाचं भांडं आहे ते! त्यात काय शिजवून राहिली?" दार हळूच उघडलं. मी ते बसवलं, झाकण आवळलं आणि दोन्ही बोल्टवर नेलपॉलिशची रेघ ओढली, अर्धी बोल्टवर, अर्धी झाकणावर. बोल्ट हलला तर रेघ तुटते. संध्याकाळी तिलवारा घाटापर्यंत, नर्मदेच्या पुलापर्यंत, जाऊन आले. तापमानाचा काटा मधोमध राहिला, जरासुद्धा हलला नाही.

"एकदा कोनाला तरी दाखवून घेऊ," मामा म्हणाला.

"नको."

"बरं," तो म्हणाला, आणि मी विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी मामी मला भेडाघाटला घेऊन गेली. संगमरवराच्या उंच भिंतींमधून नाव जाते आणि नावाडी यमकं जुळवत थट्टा करत प्रत्येक खडकाची ओळख करून देतो. येताना आम्ही खोवा जलेबी (खव्याची, जवळजवळ काळी जिलबी) खाल्ली. दिवस फार छान गेला. म्हणूनच तो आठवला की आजही माझे दात आवळतात.

शनिवारी सकाळी नागपूरला निघाले. बरगीच्या अलीकडे काटा मध्याच्या पुढे सरकला. आधी वाटलं, चढ आहे. मग तो लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. एका ढाब्यासमोर गाडी उभी केली आणि तासभर थांबले. इंजिन निवल्यावर बॉनेट उघडलं. दोन्ही रेघा तुटलेल्या होत्या. बोल्टवरचा लाल तुकडा एकीकडे, झाकणावरचा दुसरीकडे.

दहा नंबरच्या पान्याने झाकण खोललं. आत पुन्हा रिकामं भोक.

मी मामाला फोन केला. तो म्हणाला, "काल तू मामीसंग गेली होती न, तवा माझ्याजवळच्या चावीनं गोहलपूरच्या गॅरेजात नेली होती. उस्तादनं पाहून घेतली. तू एकटी जाणार, रस्त्यात बंद पडली असती तर?"

"पडलीच ना," मी म्हणाले.

झाकण तसंच लावलं, ढाब्यावरून पाणी भरलं आणि दर काही मैलांवर थांबत, निववत, मी गाडी परत जबलपुरात, गोहलपूरच्या गॅरेजात आणली. मामा स्कूटर घेऊन आधीच उभा होता. उस्ताद म्हणजे पांढऱ्या दाढीचा, नीटनेटका माणूस. त्याच्या दुकानात एका खिळ्याला तार लटकत होती आणि त्या तारेत थर्मोस्टॅट ओवलेले होते. साठ-सत्तर तरी असतील, हार ओवावा तसे. सर्वांत वर माझा, चकचकीत. खाली खाली गंजत गेलेले.

"मामा, बारा वर्षांपूर्वी गाडी दुरुस्तीला कुठे न्यायचास?"

"इथंच. दुसरीकडे काहून नेऊ?"

म्हणजे पहिला थर्मोस्टॅटही याच तारेत कुठेतरी होता. गाडीला आधी यानेच आजारी केलं, आणि ती बरी झाल्यावर यानेच पुन्हा.

उस्ताद मामाकडे वळला. "साहब, बिटिया को समझाइए. अपने यहाँ की गर्मी में वॉल (व्हॉल्व्ह, म्हणजे थर्मोस्टॅट) का क्या काम? हम तो सबका निकाल देते हैं."

"मुझसे बोलिए," मी म्हणाले. आवाज फाटला, पण थांबले नाही. "गाड़ी मेरी है. वॉल भी मेरा है. उतारिए."

त्याने तार सोडली. मी माझा थर्मोस्टॅट घेतला आणि शेजारच्या चहाच्या टपरीवर गेले. पाणी उकळत होतं. "भैया, एक मिनट," म्हणून टाकला आत. चहावाला ओरडला, "अरे दीदी, अदरक डालते हैं इसमें, पुर्जे नहीं!" माणसं जमली. एकाने विचारलं, "कड़क बनेगी क्या?" मी पाण्याकडे बोट दाखवलं. पितळी तबकडी सावकाश उचलली गेली आणि खालची चकती पुढे सरकली. मी चिमट्याने तो बाहेर काढला. तो तसाच सावकाश मिटला.

"गरमी में ये बंद नहीं रहता. खुलता है. और नीचे वाला दूसरा रास्ता बंद करता है. आप इसे निकालते हैं, तो वो रास्ता खुला रह जाता है."

उस्तादने तो हातात घेतला, उलटा केला, खालच्या चकतीवर बोट फिरवलं. "कंपनी वाले कुछ भी लगा देते हैं," तो म्हणाला. पण या वेळी माझ्याकडे पाहून.

मी तिथेच, रस्त्यावर, सगळ्यांसमोर थर्मोस्टॅट बसवायला घेतला. झाकणाखालचं कागदी पॅकिंग फाटलं होतं. उस्तादने नवा कागद झाकणावर ठेवला आणि हातोडीच्या गोल तोंडाने कडेकडेने ठोकत हुबेहूब आकार कापून दिला. इतकं सुरेख काम मी कधी पाहिलं नव्हतं. त्याचाही मला राग आला. हे हात असलेल्या माणसाने एकदाही उकळत्या पाण्यात टाकून पाहिलं नव्हतं.

चहावाल्याने पाणी फेकलं, भांडं घासलं आणि पहिला ग्लास मला दिला.

रविवारी सकाळी मामीने पोळ्यांचा डबा सीटवर ठेवला. मामा गाडीवर फडकं फिरवत होता.

"मामा, दुसरी चावी."

"राहू दे न माझ्याजवळ. कधी लागली तर?"

"कोणाला?"

तो आत गेला. बराच वेळ लागला त्याला. चावी दिली तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाईट वाटलं, तरी मी ती घेतली. माझा मामा माझ्यावर जीव टाकतो. स्वतःची सर्वांत लाडकी वस्तू त्याने मला देऊन टाकली. फक्त ती मी नीट केली आहे, हे माझ्या तोंडून त्याला पटेना. दुसऱ्या पुरुषाकडून ऐकायचं होतं. त्यासाठी त्याने चालती गाडी मोडून आणली.

बरगी, लखनादोन, सिवनी, मग खवासाचं जंगल. काटा मधोमध. वाटेत कोणी हात केला, कोणी फोटो काढले, एका पंपावरच्या माणसाने "भैया कहाँ हैं?" असं विचारलं. मी म्हटलं, "कौन भैया?"

अंधार पडायच्या आत नागपूरला पोहोचले. तासाभराने मामाचा फोन आला.

"गरम झाली?"

"नाही."

"छान. आता एकदा तिथल्या चांगल्या मेकॅनिकला दाखवून घे न."

चार दिवसांत बोलायला मी थोडं शिकले होते. "दाखवली," मी म्हणाले.

"अच्छा? कोनाला?"

"मीच पाहिली, मामा."

तो हळूच म्हणाला, "काय म्हणते मग गाडी?" मी काटा, पाणी, बोल्ट, सगळं सांगितलं, आणि त्याने मध्ये न बोलता ऐकलं. राग अजून गेलेला नाही. दोन्ही चाव्या माझ्या खोलीत एकाच खिळ्याला आहेत, आणि नेलपॉलिशच्या रेघा मी रोज सकाळी पाहते.